ब्रिटिशकालीन म्हणे!

गेल्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी जुन्या गावी जाणं झालं. आमचे अण्णा ज्या कारखान्यात सदतीस वर्षं राबले त्याच्या फाटकावरून रिक्षा चालली होती आणि मी ओरडलोच, "थांब, थांब!" फाटकाच्या आत, गुलाबाच्या वाफ्यात, सिमेंटच्या चौथऱ्यावर एक इंजिन उभं होतं. निळी टाकी, लाल चाकं, पिवळे बफर. समोरच्या गोल झाकणावर कुणीतरी हौसेनं दोन डोळे आणि हसरं तोंड काढलेलं. शेजारी पाटी : ‘ब्रिटिशकालीन रेल्वे इंजिन. कृपया वर चढू नये.’

ही आमची बुटकी. अण्णांच्या वेळची सगळी माणसं तिला बुटकीच म्हणत. चार चाकं, आखूड धुराडं आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखी पाण्याची टाकी.

तेव्हापासून डोकं तापलंय. त्या पाटीवर सात शब्द आहेत आणि त्यातले पहिले दोन धडधडीत खोटे आहेत. (‘कृपया वर चढू नये’ हे मात्र योग्य आहे. पायरी गंजलीय.)

आधी ‘ब्रिटिशकालीन’ घेऊ. आपल्याकडे जुनं आणि लोखंडी दिसलं की ते ब्रिटिशकालीन. पूल, नळ, तिजोरी, दवाखान्यातली खाट... सगळं गोऱ्यांनीच ठेवून दिलेलं! अण्णा १९६१ साली कामाला लागले तेव्हा बुटकी दहा वर्षांचीही नव्हती, असं तेव्हाचे जुने लोक सांगायचे. स्वातंत्र्यानंतर कारखान्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेलं ते इंजिन. यात नवल काहीच नाही. पन्नाशीच्या दशकात देशात नवनवे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला आवारात वाघिणी ओढायला काहीतरी लागत होतं. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये सिंद्रीच्या खत कारखान्याचं एक इंजिन आहे, १९५३ साली जर्मनीत हेन्शेल कंपनीनं बांधलेलं. त्याला भट्टीच नाही! कारखान्याच्या मोठ्या बॉयलरमधून त्याच्या पोटात वाफ आणि उकळतं पाणी दाबानं भरून घ्यायचं आणि ते संपेपर्यंत काम करायचं, की पुन्हा भरायला परत. जिथे ठिणगी नको तिथे अशी इंजिनं वापरत. नेहरूंच्या काळातली, नव्या देशाची खरेदी आहे ती. तिला ‘ब्रिटिशकालीन’ म्हटलं की एका शब्दात आपण आपलेच कष्ट दुसऱ्याच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

आता दुसरा शब्द, ‘रेल्वे’. बुटकी एक दिवसही रेल्वेची नव्हती. हा फरक कुणाला किरकोळ वाटेल, पण मला तोच मुद्द्याचा वाटतो. जरा सविस्तर सांगतो.

रेल्वेचं मोठं इंजिन कोळशाच्या वाघिणी कारखान्याच्या सायडिंगवर आणून सोडायचं आणि निघून जायचं. ते गेलं की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या करून परत लावल्या नाहीत तर डॅमरेज भरा, दर वाघिणीमागे, दर तासाला. म्हणजे त्या तासांत तीस-चाळीस वाघिणी वजनकाट्यावर न्यायच्या, मग खाली करायला न्यायच्या, भरलेल्या इकडे, रिकाम्या तिकडे, नादुरुस्त असेल ती बाजूला. ही सगळी उलथापालथ म्हणजे शंटिंग. गाडी कुठेच ‘जात’ नाही. दोन किलोमीटरच्या आत दिवसभर पुढेमागे. तेल्याच्या बैलानं घाण्याभोवती फिरावं तसं.

या कामाला मेल गाडीचं इंजिन चालत नाही. त्याच्यामागे कोळसा-पाण्याचा स्वतंत्र डबा, म्हणजे टेंडर, जोडलेलं असतं. कारखान्याच्या आवारातल्या काटकोनी वळणांवर ते रुळावरून उतरेल आणि उलटं फिरवायचं तर भलंमोठं फिरतं चक्र लागेल. टँक इंजिन सगळं आपल्याच अंगावर घेऊन चालतं. पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूंना, नाहीतर पाठीवर, नाहीतर खाली चौकटीत. सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर पडतो, म्हणून लहान असून पकड चांगली. पुढे-मागे सारखंच धावतं. खोगिरी टाकीचा फायदा असा की चाकांजवळचे दांडे, सांधे सगळे मोकळे राहतात, तेल घालायला सोपं. तोटाही आहे. बॉयलरवरच बसलेलं पाणी तापतं आणि ते बॉयलरमध्ये ढकलणारं इंजेक्टर गरम पाण्यावर रुसतं. मे महिन्याच्या दुपारी इंजेक्टर रुसला की ड्रायव्हर ज्या भाषेत त्याची समजूत काढायचा, ती भाषा आम्ही पोरांनी अण्णांचा डबा पोचवायला गेलं की ऐकलेली आहे. इथे लिहिता येण्यासारखी नाही.

अण्णा ड्रायव्हर नव्हते. ते जमिनीवरचे, शंटिंग जमादार. वाघिणी जोडायच्या, सोडायच्या, दिव्यानं ड्रायव्हरला इशारा करायचा. जुन्या चारचाकी वाघिणींना स्क्रू कपलिंग असायचं. ते सोडवायला माणसाला दोन वाघिणींच्या मधे, बफरांखालून वाकून शिरावं लागतं. ड्रायव्हरनं बफर जरा दाबून धरायचे, म्हणजे साखळी सैल पडते. मधला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त बाहेर धरलेला दिवा. हे दिवसातून शेकडो वेळा. रात्रपाळीला, पावसात, शेजारी भट्टीचा गोंगाट. मेल गाडीचा ड्रायव्हर वेगाचा धनी असेल, पण चालत्या माणसाच्या गतीनं, वाघीण फक्त टेकेल इतक्या अंदाजानं इंजिन आणणं, आणि ते आठ तास, हे कसब वेगळंच आहे. त्याचे पोवाडे कुणी गायले नाहीत.

१९७३ च्या पावसाळ्यात अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दिव्याची काच फुटलेली होती, नवी मागून दोन महिने झाले होते. पावसानं दिवा विझला, इशारा कळला नाही, बफर हलले. चौकशीत लिहिलं गेलं : ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ ड्रायव्हर आमच्या घरी येऊन ढसाढसा रडला होता, ते मला आठवतं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेलं होतं. कुठला अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, त्याचं. एका हाताची दोन बोटं : वीस टक्के. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), बॉयलरचा कायदाही त्याच १९२३ सालचा. त्या कायद्यातून रेल्वेची इंजिनं वगळलेली होती, पण कारखान्याच्या मालकीचा बॉयलर असेल तर त्याची नोंदणी व्हायची, त्याला नंबर मिळायचा. निरीक्षक येऊन तपासणार, दाखला देणार, तोही बारा महिन्यांपुरताच. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. कुठे पातळ झालाय, कुठली नळी बदलली, दाब किती कमी केला, सगळं कागदावर. म्हणजे बुटकीच्या पोटाचा वर्षावर्षाचा इतिहास सरकारदरबारी लिहिला जात होता आणि तिच्यासमोर दिवा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या नशिबी एका कोष्टकातली एक ओळ.

म्हणून ‘रेल्वे’ या शब्दाचा मला राग. उद्या एखाद्या पोराला खरंच वाटलं की या इंजिनाचा शोध घ्यावा, तर तो पाटी वाचून रेल्वेकडे जाईल. तिथे काही सापडणार नाही, कारण ते त्यांचं नव्हतंच. कागद असतील तर बॉयलर निरीक्षकांच्या दप्तरात, कारखान्याच्या खरेदीच्या वह्यांत आणि ज्या कंपनीनं ते बांधलं तिच्या नोंदवहीत. आणि या तिन्ही ठिकाणी वाळवी आपली वाट बघत थांबत नाही.

हे एका पाटीपुरतं असतं तर मी एवढा पसारा मांडला नसता. पण आपण इतिहासच असा शिकवतो. दर १६ एप्रिलला वर्तमानपत्रांत तेच येतं : १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफा. ‘भारतातली पहिली रेल्वे.’ ‘पहिली प्रवासी रेल्वे’ म्हणा, माझी हरकत नाही. पण ‘प्रवासी’ हा शब्द हळूच गळून पडतो. त्या तोफा उडण्याच्या वर्षभर आधी, १८५२ च्या फेब्रुवारीत, भायखळ्याला ‘फॉकलंड’ नावाचं एक इंजिन कामाला लागलं होतं. नाव गव्हर्नरचं, काम हमालाचं. रूळ टाकण्याच्या कामावर सामान ओढणं, वाघिणी पुढेमागे करणं. मुंबईनं पाहिलेलं पहिलं इंजिन ते, शंटिंग करणारं! आणि त्याच्याही आधी, १८५१ च्या डिसेंबरात, तिकडे रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर, सोलानी नदीवरच्या पुलासाठी माती वाहायला ‘थॉमसन’ नावाचं इंजिन आणलं होतं. काही महिन्यांतच त्याचा बॉयलर फुटला.

म्हणजे आपल्या देशात वाफेचं इंजिन आलं ते मजूर म्हणून आलं. माती वाहायला, खडी ओढायला. पाहुणे मागाहून बसले. आपण मात्र वाढदिवस पाहुण्यांचा साजरा करतो.

जतन करतानाही हीच दृष्टी. ‘फेअरी क्वीन’ बघा. १८५५ चं इंजिन, लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेलं. तेही टँक इंजिनच, पाणी खाली चौकटीत. १९९० च्या दशकात ते पुन्हा रुळावर आणलं, गिनीज बुकात नाव गेलं. फार छान झालं, मीही तेव्हा कात्रणं जमवली होती. त्याच दिल्लीच्या म्युझियममध्ये ‘रामगती’ आहे. १८६२ चं, फ्रान्समध्ये बांधलेलं, बंगालात नलहाटी-अझीमगंज मार्गावर धावलं आणि नंतर कलकत्ता महापालिकेच्या दावणीला बांधलं गेलं. काम? शहराचा कचरा वाहणं. एका अख्ख्या शहराची घाण ओढून नेणारं इंजिन. राणीचं नाव सगळ्यांना ठाऊक. रामगतीचं मी दहा रेल्वेवेड्या मित्रांना विचारलं, तिघांना माहीत होतं. आपल्याकडे माथेरानच्या छोट्या इंजिनांची निदान आठवण तरी काढतात, कारण त्यांच्यामागच्या डब्यात आपण बसलो होतो, खिडकीतून हात बाहेर काढला होता. ज्याच्यामागे आपण बसलो नाही ते आपल्या लेखी भंगार.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? सगळीकडे असंच असणार. तर नाही, आणि त्यासाठी मला तुम्हाला लीड्सलाच न्यावं लागेल. रुडकीचं ते थॉमसन जिथे तयार झालं तो ई. बी. विल्सनचा कारखाना लीड्समधल्या हन्स्लेट या वस्तीत होता. तो बुडाल्यावर त्याच जागेच्या तुकड्यांवर नवे इंजिन-कारखाने उभे राहिले. त्यांतलाच एक हन्स्लेट इंजिन कंपनी, १८६४ ची. कारखाने, खाणी, मळे यांची छोटी इंजिनं बांधण्यात यांचा हातखंडा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, यांच्या आराखड्यावर ब्रिटिश सैन्यासाठी खोगिरी टाकीची सहाचाकी इंजिनं बांधली गेली, एकूण ३७७. काटकसरीत बांधलेली म्हणून त्यांना नावच पडलं ‘ऑस्टेरिटी’. ना पितळेची हौस, ना रंगाची. युद्ध संपलं तरी त्यांचं काम संपलं नाही. कोळसा खाणींसाठी तोच आराखडा १९६४ पर्यंत बांधत राहिले. ब्रिटिश रेल्वेनं १९६८ च्या ऑगस्टमध्ये वाफेला रामराम ठोकला, लोक रडले, फोटो काढले. आणि खाणींमधली ही काळी इंजिनं त्यानंतरही पंधराएक वर्षं मुकाट वाघिणी ढकलत होती.

याच हन्स्लेटमधून मिडलटन रेल्वे जाते. कोळशाची रेल्वे. १७५८ च्या कायद्यानं बनलेली, १८१२ साली तिच्यावर वाफेची इंजिनं आली. म्हणजे स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’च्या सतरा वर्षं आधी. १९६० मध्ये ती बंद पडायला आली तेव्हा लीड्स विद्यापीठातल्या मंडळींनी ती बिनपगारी चालवायला घेतली. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी वाचवलेली मोठ्या गेजची ती पहिली रेल्वे. राजाराणीची नव्हे, निसर्गरम्य डोंगरातली नव्हे, शहरातल्या कारखान्यांमधून जाणारी कोळशाची सायडिंग! आज ऑस्टेरिटी जातीची सत्तरेक इंजिनं तिकडे शिल्लक आहेत. कारण कुणीतरी रविवारी अंगाला ग्रीस फासून घेतलं. उगाच इंग्रजांची आरती ओवाळत नाही. तेही थॉमसच्या जत्रेसाठी यातल्या काहींना निळा रंग आणि चेहरा लावतातच. आमच्या बुटकीच्या तोंडावरचं हसू तिथूनच उसनं आलंय. पण त्यांच्याकडे चेहऱ्यामागे कोणतं इंजिन आहे हे लिहून ठेवलेलं असतं.

"आपल्याकडे लोकांना पाणी नाही, आणि तुम्हाला इंजिनं जपायचीत!" हा आक्षेप येणार. पण मी बुटकी पेटवा असं म्हणतच नाही. पन्नास वर्षं जुना बॉयलर पेटवणं हा पोरखेळ नाही, आणि माझ्या अण्णांच्या बोटांनंतर मला तसली हौसही नाही. मी मागतोय ते फुकटात मिळण्यासारखं आहे. एक खरी पाटी. चार कागद जपून. आणि जे खलाशी, सांधेवाले, आगवाले अजून हयात आहेत, ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यापाशी बसून ऐकून घेणं. रंगाला पैसे होतेच की.

आणि आपल्या रेल्वेप्रेमी मंडळींबद्दलही बोलतो, त्यात मीही आलोच. आपल्याला चाकांची रचना पाठ, बांधणीचा नंबर पाठ, सिलिंडर किती इंचाचा ते पाठ. ब्रॉडगेजवरची शेवटची वाफ १९९५ च्या डिसेंबरात विझली तेव्हा आपण हळहळलो. कारखान्यांतली इंजिनं त्याच्या आगेमागे कधी गेली, कुणी मोजलं नाही. फोटो आहेत ते बहुतेक परदेशी पाहुण्यांनी काढलेले. आसामात टिपॉंगच्या खाणीतलं ‘डेव्हिड’ नावाचं पिटुकलं इंजिन बघायला लोक इंग्लंडहून यायचे. आणि त्या फोटोंत इंजिनाचं नाव असतं, साल असतं. बफरपाशी उभा असलेला माणूस नुसताच ‘स्टाफ’.

असो. परत बुटकीकडे येतो. त्या दिवशी मी रखवालदाराची परवानगी काढून आत गेलो. बांधणाऱ्या कंपनीची पितळी पाटी अर्थातच गेलेली, दोन भोकं तेवढी उरलीत. पण अशा इंजिनांच्या जोडदांड्यांवर बांधणीचा नंबर ठोकलेला असतो. मी नाण्यानं रंग खरवडायला लागलो. रखवालदार म्हणाला, "अहो साहेब, आत्ताच रंगवलंय दसऱ्याला." खंडेनवमीला रंग देतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. ते मला मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू. चार आकडे लागले. शेवटचा तीन की आठ, कळत नाही. आणि तो आकडा लागला तरी खात्री नाही, कारण अण्णा सांगायचे की आधी दोन इंजिनं होती आणि दुसरं मोडीत काढलं तेव्हा त्याचे दांडे हिला बसवले. अण्णा २०१२ साली गेले. दांडे नेमके कुठले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर कारखान्याला दोन पानी पत्र लिहिलं. महिन्याभरानं एका तरुण मुलाचा फोन आला. फार नम्र. "काका, तो चेहरा पुसायचा का? लहान मुलं त्याच्याबरोबर फोटो काढतात म्हणून विचारलं."

म्हटलं, चेहरा राहू दे रे बाबा. पाटी बदल.

"पण पाटीत तीनच ओळी बसतात."

मी त्याला तीन ओळी सांगितल्या. पहिली, ‘या कारखान्याचं शंटिंग इंजिन.’ दुसरी, ‘स्वातंत्र्यानंतर विकत घेतलं, १९८६ पर्यंत काम केलं.’ तिसऱ्या ओळीत ज्यांनी त्यावर काम केलं त्यांची नावं. तो म्हणाला नावं एका ओळीत कशी मावतील, आणि आमच्याकडे यादी नाही. यादी मी करतो म्हटलं. आतापर्यंत अकरा नावं झालीत, त्यातले दोघे अजून आहेत. एकाकडे येत्या रविवारी जातोय. दांड्यांचं त्याला विचारीन.